लेकीकडून पैसे घेत नाहीत

राहनाळ माझं माहेर आणि वळ माझं सासर, दोन्ही भिवंडीजवळची गावं. मध्ये गोदामं, कंटेनर आणि दर पावसाळ्यात नव्याने खड्ड्यात जाणारा रस्ता. इतक्या जवळ लग्न लावून दिल्याबद्दल मी आईला बरेच टोमणे मारलेत, कारण सासरी माझं काही बिनसलं की चहाला उकळी फुटायच्या आत माहेरी कळतं. पण माझा धंदा उभा राहिला तो या जवळिकीमुळेच, एवढं मला कबूल करावंच लागेल.

त्याआधी मी फॅशनमध्ये होते. अंधेरीतल्या एका कपड्यांच्या कंपनीत डिझायनर म्हणून लागले आणि अख्ख्या कलेक्शनची जबाबदारी अंगावर येईपर्यंत टिकले. नोकरीला नावं ठेवणार नाही. डोळे मिटून कापड ओळखायला, कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग जीव धरतो ते बघायला मी तिथेच शिकले. पण दर सीझनला छातीठोकपणे सांगायचं की यंदा मोहरीचा रंग, आणि पुढच्या सीझनला त्याच रंगाला नाक मुरडायचं, याचा मला हळूहळू वीट यायला लागला. आपण आज जे बनवतोय ते उद्या जुनं ठरवण्याचा पगारही आपणच घेतोय, असं मला वाटायचं. मग मी घरी येऊन उगाच नवऱ्यावर चिडायची.

एका दिवाळीच्या कलेक्शनचं शूट होतं. प्रॉप म्हणून भाड्याने आणलेलं एक पितळी घंगाळ मॉडेलच्या शेजारी ठेवलं होतं. जाहिरात बाहेर पडली आणि चौकशा सुरू झाल्या. लोक विचारत होते, घंगाळ कुठे मिळेल? ज्या कुर्त्यासाठी मी महिनोन्‌महिने डोकं फोडलं होतं त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आणि प्रॉपवाल्याने ते घंगाळ तर येताना सहज म्हणून टेम्पोत टाकून आणलं होतं. आधी मला संताप आला. मग हसू आलं, कारण अगदी तसंच घंगाळ राहनाळला आमच्या गच्चीवर होतं आणि आई त्यात कोंबड्यांना पाणी ठेवायची.

आमच्याकडे हे घरोघर आहे. शेतं गेली, गोदामं आली, गोदामांच्या भाड्यावर बंगले उठले आणि बंगल्यांत मॉड्युलर किचन बसलं. त्या किचनमध्ये तांब्याच्या हंड्याला जागा कुठली? हंडे, पराती, पानाचे डबे, शिसवी पेट्या, चिनीमातीच्या बरण्या सगळं माळ्यावर गेलं. माळा भरला की भंगारवाल्याला हाक मारायची आणि मोडीच्या भावात देऊन टाकायचं. मुंबईत ज्याच्यासाठी लोक जीव टाकतात ते आमच्याकडे वजनावर जात होतं. ते मला दिसलं आणि मग दुसरं काही दिसेना.

मी राजीनामा दिला तेव्हा ऑफिसात सगळ्यांना वाटलं, मला दुसऱ्या कंपनीने पळवलं. भिवंडीत जुन्या वस्तूंचं दुकान काढणार म्हटल्यावर साहेबांनी काळजीने विचारलं की तब्येत बरी आहे ना. मीही तोऱ्यात होते. परत येणार नाही, असं सगळ्यांच्या देखत सांगून निघाले. तोंडाने परतीचे दोर कापायची माझी जुनी खोड आहे.

वळमध्ये रस्त्याला लागून सासऱ्यांचा एक गाळा रिकामा होता. एका कुरिअर कंपनीचा माणूस त्यासाठी त्यांच्या मागे लागला होता. मी गाळा मागितला. सासऱ्यांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत वापर म्हणाले. तोवर दुकान उभं राहिलं तर राहिलं, नाहीतर गाळा कंपनीला. मी भाडं किती द्यायचं ते विचारलं, तर ते खो खो हसले. सुनेकडून भाडं घेणारा सासरा अजून वळमध्ये जन्माला यायचाय, असं म्हणाले, आणि घरातले सगळे त्यांच्याबरोबर हसले. मला मात्र ते झोंबलं. भाड्याने घेतलेल्या गाळ्यात धंदा होतो. फुकटच्या गाळ्यात सुनेचा छंद होतो. आणि छंदाचा गाळा कधीही काढून घेता येतो.

पहिली फेरी मी अर्थातच माहेरी मारली. टेम्पो केला, पैसे घेतले आणि थेट काकीच्या दारात गेले. काकीच्या माळ्यावर तांब्याचे हंडे आहेत हे मला लहानपणापासून ठाऊक, कारण लपाछपीत मी त्यांच्यामागेच लपायची. मी तिला सरळ सांगितलं की भंगारवाला देईल त्याच्यापेक्षा चांगला भाव देते. काकीचा चेहरा असा पडला की घरात काही वाईट घडलंय की काय, असं मला वाटलं.

"लेकीकडशी पैशे घेवाचे?" ती म्हणाली. "आमी मेलो काय गो?"

आणि तिने हंडा उतरवला, घासूनपुसून आणला, त्यात तांदूळ, नारळ आणि ब्लाउजपीस घातला आणि माझी ओटी भरून मला दिला. पुढच्या घरी परात मिळाली, तीही अशीच. त्याच्या पुढच्या घरी पानाचा डबा. मी पैसे पुढे केले की लोक हात मागे घेत होते. टेम्पो भरला आणि पर्समधली एक नोटही हलली नाही. माझ्याएवढी हुशार बाई भिवंडी तालुक्यात नाही, अशा थाटात मी आईकडे जेवायला गेले.

आईने टेम्पोत डोकावून बघितलं आणि माझी हवा काढून घेतली. ओटीत घातलेलं कुणी विकतं का, तिने विचारलं. उद्या काकी तुझ्या दुकानाशी आली आणि तिने स्वतःचा हंडा चिठ्ठी लावून ठेवलेला बघितला, तर काय तोंड दाखवशील? आई बरोबर बोलत होती. माहेरच्यांनी ओटीत घातलेलं विकून पैसे करणारी मुलगी म्हणून मला राहनाळमध्ये फिरायचं नव्हतं.

तेव्हा गाळ्यातला पहिला संपूर्ण कप्पा विकायच्या नाहीत अशा वस्तूंनी भरला. तोच सगळ्यात देखणा. ठाण्याहून एक घरं सजवणारे गृहस्थ आले आणि त्यांना नेमकी काकीचीच वस्तू हवी झाली. मी नाही म्हटलं. त्यांनी भाव वाढवला. मी परत नाही म्हटलं. मी पोचलेली व्यापारी आहे असं त्यांनी ठरवलं आणि बाकी काही न घेता निघून गेले. बाकी होतं तरी काय? दोन कंदील आणि एक पाय मोडलेला चौरंग.

मग मी वाकडी वाट धरली. भंगारवाल्याकडून पैसे घ्यायला कुणाला लाज नव्हती, तर त्यानेच घ्यावं आणि मी त्याच्याकडून घ्यावं. तो वर्षानुवर्षं आमच्या गल्ल्यांतून हातगाडी फिरवणारा, सगळ्यांच्या ओळखीचा. मी त्याला म्हटलं, तांब्या-पितळेचं जे मिळेल ते आधी मला आणून दाखव. त्याने शब्द पाळला. आठवडाभराने पोतं भरून माल आणला आणि माझ्यासमोर ओतला. सगळे हंडे, सगळ्या घागरी हातोड्याने चेपून भाकरीसारख्या सपाट केलेल्या. मला रडायलाच आलं. तो बिचारा गोंधळला.

"मैडम, माल चपटा करके ही उठाते हैं," तो म्हणाला. "नहीं तो गाड़ी में हवा ढोएँगे क्या?"

त्याचंही खरंच होतं. पुढच्या वेळी तसेच आण, असं मी सांगितलं, तर हातगाडीवर दोन हंड्यांत जागा संपते आणि त्याचा दिवस बुडतो. आमचं काही जमलं नाही.

राहिलं सासर. वळमध्ये मी सून, लेक नव्हे, त्यामुळे माझे पैसे चालले असते. पण तिथे वेगळीच गाठ. सुनेला भांडी विकली तर भावकीत बोभाटा होणार की या घरावर भांडी विकायची वेळ आली. मी दारात उभी राहिले की बायका गोड हसायच्या, बस म्हणायच्या, आमच्याकडे असलं काही नाही म्हणायच्या. आणि त्यांच्या पाठीमागे हॉलमध्ये प्लॅस्टिकची फुलं खोचलेली पितळी घागर मला दिसत असायची. घरी सासऱ्यांच्या कानावरही गेलं होतं की सून दारोदार भांडी मागत फिरते. तेव्हापासून ते जेवताना टीव्हीचा आवाज वाढवायला लागले.

शिमगा झाला, पाडवा जवळ आला. कुरिअर कंपनीचा माणूस एक दिवस टेप घेऊन आला आणि मी बसलेली असताना माझ्या भोवतीने गाळा मोजायला लागला. टेपचं दुसरं टोक धरता का मॅडम, असं त्याने मला विचारलं. मी धरलं नाही. तो गेल्यावर शटर अर्धं ओढून मी आत बसून राहिले. अंधेरीला परत जाऊन त्याच लोकांसमोर त्याच खुर्चीत बसायचं, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. मला खरोखर भीती वाटली.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. घरात त्या कमी बोलतात. दुकानाबद्दल तर त्या चांगलं-वाईट काहीच बोलल्या नव्हत्या. पण माझ्या माहेरचा विषय निघाला की त्यांना कंठ फुटतो, कारण माझ्या लग्नात विहिणीच्या मानाचं पातळ हलक्यातलं निघालं, असं त्यांचं ठाम मत आहे. आई म्हणते, ते पातळ चांगलं ठाण्याहून आणलेलं होतं. हा खटला इतकी वर्षं चालू आहे आणि दोघींनाही त्याचा निकाल नकोय.

पाडव्यानंतर माझ्या भाचीचं बारसं होतं. सासूबाई माझ्याबरोबर राहनाळला आल्या. पाळणा झाला, नाव ठेवून झालं, मी घुगऱ्या वाटत होते. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या आणि त्यांची नजर कोपऱ्यातल्या घागरीवर गेली. आईने तिच्यात छत्र्या ठेवल्या होत्या.

"विहीनबाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही घागर केवढ्याला देता?"

आता आई फणकारणार, असं मला वाटलं. आई पदर खोचून सासूबाईंसमोर बसली आणि तिने एक भाव सांगितला. इतका अवाजवी भाव मी मुंबईतही ऐकला नव्हता. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या की घागरीत सोनं भरून देणार असाल तर घेते. आईने घागरीचं पाणी किती गोड लागतं ते सांगितलं. सासूबाईंनी तिच्या बुडाचा पोचा दाखवला. आईने सांगितलं की पोचा नाही, घडणच तशी. सासूबाईंनी पातळाचा विषय काढला. आजूबाजूच्या बायका सरकून जवळ आल्या, कुणी आईच्या बाजूने, कुणी उगाच भडका वाढवायला. मी घुगऱ्यांचं ताट हातात धरून तशीच उभी राहिले. शेवटी भाव ठरला, अगदी रास्त, आणि सासूबाईंनी स्वतःच्या पाकिटातून पैसे काढून दिले. आईने ते घेतले आणि कमरेला खोचले.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. माझ्याकडून पैसे घ्यायला सगळ्या राहनाळचे हात जळत होते आणि आता तू कसे घेतलेस, असं मी जरा रागातच विचारलं.

"लेकीला दिला तं पुन्य," आई म्हणाली. "विहिनीला फुकट दिला तं येडेपना."

परतताना रिक्षात सासूबाईंनी घागर मांडीवर धरली होती. त्या खूश होत्या. फुकट घेतली असती तर विहिणीने जन्मभर ऐकवलं असतं, असं त्या म्हणाल्या. मग घागर माझ्या मांडीवर सरकवली.

"ही इकत घेतलेली हाय," त्या म्हणाल्या. "आता लाव तुज्या दुकानात."

हे त्यांनी आधीपासून ठरवून केलं की भांडायची हौस भागवताना जमून गेलं, ते मी अजून त्यांना विचारलेलं नाही. पण मला वाट सापडली होती. मी राहनाळच्या सगळ्या गल्लीची लेक, म्हणजे माझ्या सासूबाई सगळ्या गल्लीच्या विहीण. लेकीकडून पैसे घ्यायचे नाहीत हा नियम जितका पक्का, तितकाच विहिणीला सोडायचं नाही हाही नियम पक्का. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई राहनाळला जायला लागल्या. मी मागून जायची, वस्तूवरून हात फिरवायची आणि हवी असेल तर फक्त खोकायची. पैसे माझे, बोलायचं काम त्यांचं. काकीनेसुद्धा माळ्यावरचे उरलेले हंडे त्यांना विकले आणि दीड तास घासाघीस केली. जाताना सासूबाईंना चहा दिला आणि मला पाठीवर धपाटा.

मग मी आईला वळमध्ये आणलं. ज्या बायका मला दारातून गोड बोलून परत पाठवत होत्या त्यांनी आईला आत बसवलं. सुनेला विकलं तर घराची अब्रू जाणार होती. पण राहनाळच्या विहिणीला चढ्या भावाने गुंडाळलं, हे भावकीत मिरवण्यासारखं होतं. प्लॅस्टिकची फुलं निघाली आणि घागरी बाहेर आल्या. आईही काही कमी नव्हती. खाडीवरच्या जुन्या घरातली एक शिसवी पेटी तिने इतक्या शिताफीने काढली, की विकणारीला आपणच जिंकलो असं वाटलं, आणि दोघी जेवून हसत उठल्या. दोन्ही गावांत बायका संध्याकाळी एकमेकींना सांगायच्या की आज विहिणीचा कसा पिट्टा पाडला. फक्त भंगारवाला कष्टी होता. तुमच्या सासूने माझा धंदा बसवला, असं तो मला सांगून गेला. तेव्हापासून त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे काय निघालंय याची बातमी तो मला आणून देतो आणि त्याचे पैसे घेतो.

आता माझं काम सुरू झालं. यंत्रमाग चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून साध्या कोऱ्या कापडाचे तागे आणले आणि गाळ्याच्या भिंती झाकल्या. तांबं काळपट निळ्याशेजारी ठेवलं, पितळ फिक्या हिरव्याशेजारी. अंधेरीत जे रंग मी दर सीझनला बदलायची, ते इथे एकदा लावले आणि तसेच राहिले. चिंच लावून घासायला निघालेल्या सासूबाईंना मी अडवलं, तर त्या म्हणाल्या, पाहुण्यांपुढे काळी भांडी ठेवायची नसतात. शेवटी अर्धी घासली आणि अर्धी तशीच ठेवली. दोन्ही विकली गेली. फोटो काढून इंटरनेटवर टाकले आणि चौकशा यायला लागल्या. कुर्ते घातलेली मॉडेल आता मध्ये नव्हती. सगळे थेट घंगाळाचंच विचारत होते आणि या वेळी उत्तर माझ्याकडे होतं.

अक्षय्य तृतीयेला मी दुकानाचं शटर सकाळीच पूर्ण वर केलं. मुंबईच्या, ठाण्याच्या, नाशिकच्या गाड्या आल्या. आमचा रस्ता कंटेनरसाठी आहे, गाड्यांसाठी नाही. वज्रेश्वरीच्या बाजूला नवं हॉटेल काढणाऱ्या एका बाईंनी हंड्यांची अख्खी रांग घेतली आणि टेम्पो मागवला. टेम्पो आणि कंटेनर समोरासमोर अडकले आणि हॉर्नने डोकं उठलं. मी बाहेर येऊन बघते, तर पांढरा शर्ट घातलेले माझे सासरे रस्त्याच्या मधोमध उभे राहून कंटेनर मागे घ्यायला लावत होते. पार्टीचा माल निघतोय, जरा थांबायला काय होतं, असं ते ड्रायव्हरवर खेकसत होते. आत आई आणि सासूबाई एकाच बाकावर बसून गिऱ्हाइकांना घागरीचं पाणी किती गोड लागतं ते सांगत होत्या. मला इतका आनंद झाला होता की मी कुणाला सुट्टे किती परत दिले तेही मला कळत नव्हतं.

दुपारी कुरिअर कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. ठरल्या दिवशी आला होता, त्याची काही चूक नव्हती. तो गर्दीतून वाट काढत सासऱ्यांपर्यंत पोचला. माझ्या हातात बरणी होती. ती मी खाली ठेवली.

"गाला भाड्यानं गेला," सासरे त्याला म्हणाले.

त्याने विचारलं, कुणाला. सासऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ये पार्टी को."

त्यांनी मला सून म्हटलं नाही. गोदामाच्या धंद्यात अनोळखी माणसाला म्हणतात तसं पार्टी म्हटलं. मग ते माझ्याकडे वळले, कंपनी जे भाडं देणार होती तेच सांगितलं आणि वर डिपॉझिट मागितलं. मी थोडं कमी करा म्हणून बघितलं. सासूबाईंनी बाकावरून माझी बाजू घेतली, आईनेही घेतली, पण ते एका पैशाने खाली आले नाहीत. कुरिअरवाला अजून तिथेच उभा होता. त्याच्यासमोर मी गल्ल्यातून पहिल्या महिन्याचं भाडं काढलं आणि सासऱ्यांपुढे धरलं.

त्यांनी ते घेतलं.